घरच्या हिशेबाचे लोकशिक्षण

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्याच्या सुपे गावी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर जो हल्ला केला, त्याची हकीकत आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’ या मथळ्याखाली दोन-चार ओळींत आटोपलेली असते. त्या ओळींत एक गोष्ट बहुधा राहून जाते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरलेल्या त्या उठावात लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. त्यांना हवी होती ती सावकाराच्या पेटीतील खते, कर्जरोखे आणि दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे. जेथे हे कागद मुकाट्याने हवाली झाले तेथे प्रकरण बहुधा तेवढ्यावरच मिटले. जेथे ते नाकारले गेले तेथे दांडगाई झाली. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातील एक अक्षरही आपल्याला लागत नाही, त्या कागदाला उत्तर देण्याचा जाळपोळीखेरीज दुसरा मार्ग त्या कुळांना ठाऊक नव्हता.

हा कागद इतका भयंकर कसा झाला, हे समजण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. वर्षानुवर्षे तुंबलेल्या देण्याखाली कुळ भरडले जाऊ नये हा त्यामागील हेतू चांगलाच होता; परंतु व्यवहारात त्याचा परिणाम उलटा झाला, कारण तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत रद्द करून, थकलेले व्याज मुद्दलात मिळवून, नवे खत लिहून घेऊ लागला. शंभर रुपयांचे कर्ज दरमहा शेकडा दोन या दराने घेतले आणि मध्यंतरी एक पैही फेडली नाही असे धरले, तर तीन वर्षांनी व्याजाचे ७२ रुपये होऊन नवे खत १७२ रुपयांचे बनते. सहा वर्षांनी तेच २९६ रुपयांच्या आसपास जाते आणि नऊ वर्षांनी ५०९ रुपयांच्या घरात पोहोचते. कोणत्याही एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीत असत; तथापि खत बदलले की कालचे व्याज आजचे मुद्दल होई, आणि त्या नियमाचा आधार कुळाच्या हातून निसटून जाई.

१८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्यातील तरतुदी त्या काळाच्या मानाने पुष्कळच पुढारलेल्या होत्या. न्यायाधीशाने खतावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन खरे मुद्दल किती व व्याज किती याची चौकशी करावी, खत सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, आणि कुळाने मागितल्यास सावकाराने त्याला भरण्याची पावती, वर्षाचा हिशेब व खातेपुस्तक द्यावे, असे त्या कायद्याने ठरविले. ज्याला आज आपण पासबुक म्हणतो ते मागण्याचा अधिकार दख्खनच्या कुणब्याला अशा रीतीने सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला होता. पण ते पुस्तक हाती आले तरी त्यातील मोडीचे फर्राटे त्याला वाचून कोण दाखविणार होते? गावात लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे बहुधा सावकार स्वतः, त्याचा गुमास्ता, किंवा त्या दोघांशी रोजचे येणे-जाणे असलेला कुलकर्णी. हक्क कायद्याने आला आणि तो वापरण्याचे सामर्थ्य मात्र कोणी दिले नाही. हे सामर्थ्य देणे हेच, माझ्या मते, घरच्या हिशेबाच्या लोकशिक्षणाचे खरे प्रयोजन आहे, आणि ते उपदेशाने साधत नाही, ज्याचा त्याचा कागद ज्याच्या त्याच्या हातात देऊन, चारचौघांत बसून, व्यवहाराच्या ऐन वेळी वाचला म्हणजेच साधते, असे मला दाखवावयाचे आहे.

आजची परिस्थिती वरवर पाहता फार बदललेली दिसते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्था यांनी किरकोळ कर्ज देताना कर्जदाराला एक मुख्य तथ्यपत्रक देणे आवश्यक झाले आहे. ते त्याला समजेल अशा भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, आणि व्याजाबरोबर प्रक्रियाशुल्क, विम्याचा हप्ता इत्यादी सर्व आकार धरून कर्जाचा वार्षिक दर किती पडतो तो एका आकड्यात त्यावर दाखवावा, असा तो दंडक आहे. याहून अधिक स्पष्ट कागद कायद्याने कोणता द्यावयाचा? परंतु हप्त्यावर मोटारसायकल किंवा मोबाइल घेणाऱ्या दहा माणसांना ते पत्रक कोणते, आणि त्यावरील तो आकडा कोठे आहे, एवढेच विचारून पाहावे. सही करताना कागदाची फक्त कोपऱ्याची बाजू त्यांच्यापुढे सरकविली जाते आणि विक्रेत्याचे बोट जेथे ठेवलेले असते तेवढीच जागा त्यांच्या नजरेस पडते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. खेड्यातील किंवा वस्तीतील माणूस हिशेबात कच्चा असतो, म्हणून फसतो, असे सुशिक्षितांच्या बैठकीत सहजपणे बोलले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे ज्या भाषेत मुखोद्गत होत आले, त्या भाषेच्या बाजारात आकडेमोडीची परंपरा काही दुबळी नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले, आणि त्यानंतर थोड्याच काळात शेर-मण जाऊन किलो आले. सहा आण्यांचे पैसे किती आणि पाव शेराचे ग्रॅम किती, याची सांगड भाजीच्या पाटीमागे बसलेल्या बायांनी कोणत्याही वर्गात न जाता रोजच्या विक्रीत घातली. आजही आठवडी बाजारात पावणेतीन किलो कांद्याचे पैसे तराजू खाली येण्यापूर्वी तोंडाने सांगणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांना अडते ती आकडेमोड नव्हे. हिशेब कागदावर गेला, त्याची परिभाषा परकी झाली, आणि तो करणारा माणूस टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला की त्या गप्प होतात. म्हणून शिकविणाऱ्याने प्रथम त्यांच्या तोंडी हिशेबावर विश्वास टाकावा व तेथूनच कागदाकडे यावे.

याचे एक उदाहरण जरा सावकाश पाहू. हप्त्याच्या कर्जात व्याज आकारण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मूळ रकमेवर अखेरपर्यंत सारखेच व्याज लागते, दुसरीत फिटत जाणाऱ्या शिलकेवर लागते. व्याख्या म्हणून हे वाक्य फळ्यावर लिहिले तर कोणाच्याही लक्षात राहणार नाही. परंतु बचत गटाच्या बैठकीत एखादी जाणती कार्यकर्ती मूठभर चिंचोके घेऊन बसते, आणि विचारते, “काकू, बारा हजार घेतले, वर्षाला बारा टक्के. व्याज किती?” काकू तत्काळ सांगतात, “चौदाशे चाळीस.” “मग महिन्याचा हप्ता?” “अकराशे वीस.” येथपर्यंत सारे ठीक. “आता सांगा, पुरते बारा हजार तुमच्याकडं किती दिवस राहिले?” यावर मात्र क्षणभर शांतता पसरते, आणि मग कोणीतरी म्हणते, “पहिला हप्ता भरेस्तोवर. एकच महिना की!” मग जमिनीवर पहिल्या ओळीत बारा चिंचोके मांडले जातात, दुसऱ्या ओळीत अकरा, तिसरीत दहा, असे करीत शेवटच्या ओळीत एकच उरतो. एक चिंचोका म्हणजे एक हजार रुपये एक महिना वापरले. सगळे मोजले की भरतात ७८. दरमहा शेकडा एक या बोलीने एका चिंचोक्याचे दहा रुपये, म्हणजे एकूण ७८० रुपये व्याज न्याय्य होते. घेतले गेले १,४४०. एका चिंचोक्यामागे जवळजवळ साडेअठरा रुपये पडले, म्हणजे शेकडा एक म्हणवून घेणारा दर शेकडा पावणेदोनच्याही वर गेला आणि वर्षाचे बारा टक्के प्रत्यक्षात बावीस झाले. त्यातून कर्ज देतानाच प्रक्रियेचे म्हणून दोनशे रुपये कापून घेतले असतील तर काकूंच्या हाती बारा हजार कधी आलेच नाहीत, हेही त्याच मांडणीत डोळ्यांपुढे येते. यानंतर गटातील एखाद्या बाईने आपल्या पिशवीतून कर्जाचे कार्ड बाहेर काढले नाही, असे सहसा होत नाही. खरे शिक्षण तेथे सुरू होते.

हीच दृष्टी आली की शहरातील ‘बिनव्याजी हप्त्याचा’ उलगडाही अवघड राहत नाही. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्याने घेणाऱ्याला नाकारली जाते, अथवा शुल्काच्या नावाने व्याज घेतले जाते. क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के हा दर पुष्कळदा आढळतो. दहा हजारांच्या थकबाकीवर त्याचे ३५० रुपये होतात, त्यावरील कराचे ६३ रुपये वेगळे. आणि ग्राहकाने ‘किमान देय’ म्हणून ५०० रुपये भरले तर मूळ देणे अवघ्या ८७ रुपयांनी कमी होते. खते बदलून घेणाऱ्या सावकाराला जे करण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागे, ते येथे दर महिन्याला घडते.

अर्थशिक्षणाचे वर्ग जगभर चालतात, आणि त्यांचा उपयोग कितपत होतो याची छाननीही झालेली आहे. फर्नांडिस, लिंच व नेटमायर या अभ्यासकांनी २०१४ साली अशा २०१ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष शिक्षकांना विचारात पाडणारा होता. लोकांच्या आर्थिक वर्तनात जो फरक दिसतो त्यातील जेमतेम एक दशांश टक्का या शिक्षणाने स्पष्ट होतो, अल्प उत्पन्नाच्या लोकांत त्याहूनही कमी, आणि अनेक तास शिकविले तरी वीस महिन्यांनंतर त्याचा प्रभाव जवळजवळ उरत नाही, असे त्यांना आढळले. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी ७६ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासून याहून आशादायक चित्र मांडले. हे दोन्ही निष्कर्ष मला परस्परविरोधी वाटत नाहीत. सभागृहात टाळ्यांसह ऐकलेले आणि वर्षभराने कामी येईल म्हणून सांगितलेले ज्ञान विरून जाते. उद्या करावयाच्या व्यवहाराशी जोडलेले ज्ञान टिकते. डोमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक प्रयोग याच दिशेने बोट दाखवितो. तेथे काही जणांना जमाखर्चाची शास्त्रशुद्ध पद्धत शिकविली, आणि काही जणांना धंद्याचा पैसा व घरचा पैसा वेगळा ठेवावा यांसारखे मोजके व्यवहारी दंडक शिकविले. प्रगती दिसली ती दुसऱ्या गटात. आपल्याकडच्या जुन्या दुकानदाराला गल्ल्यातून घरखर्चासाठी पैसे उचलताना ते वहीत स्वतःच्या नावे मांडण्याची सवय असे, ती याच जातीची होती.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे १९९७ साली स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेची कथा या बाबतीत मननीय आहे. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी ती अनेकदा सांगितली आहे. परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेक स्त्रिया निरक्षर होत्या व अर्जावर अंगठे होते. त्या स्त्रियांनी मग साक्षरतेचे वर्ग सुरू केले, अक्षरे गिरविली, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितले की, मुद्दल द्या, व्याजाचा आकडा आम्ही तोंडी काढून दाखवितो, तुमच्या लोकांना तो यंत्राशिवाय काढावयास सांगा. परवाना मिळाला. या स्त्रियांना अक्षर हवे होते ते स्वतःची बँक काढण्यासाठी. प्रयोजन एवढे निकडीचे असल्यावर दिवसभराच्या कष्टानंतरही माणूस पाटी हाती धरतो.

बचत गटांची चळवळ महाराष्ट्रात रुजली त्याचेही एक कारण हेच असावे. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, आणि नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड व चोख हिशेब ही पंचसूत्री गावोगाव पोहोचली. या पाचांतील शेवटच्या सूत्राकडे बाहेरच्या लोकांचे फारसे लक्ष जात नाही. गटाच्या बैठकीत हजेरी झाली की मागील इतिवृत्त वाचले जाते, कोणाची बचत आली, कोणाचा हप्ता राहिला, दंड कोणाला लागला, पेटीत शिल्लक किती, हे सर्वांसमक्ष उच्चारले जाते आणि मगच नोंदवहीवर सह्या होतात. पुष्कळ गट आपल्या सभासदांना दरमहा शेकडा दोन दरानेच कर्ज देतात. हा दर तोच, ज्याने १८७५ पूर्वीच्या शंभर रुपयांचे पाचशे झाले. पण येथे व्याज गटाच्याच पेटीत येते, वर्षअखेर त्याचा वाटा देणाऱ्या बाईलाही मिळतो, आणि मुख्य म्हणजे थकलेले व्याज गुपचूप मुद्दलात शिरू शकत नाही, कारण वही दर महिन्याला मोठ्याने वाचली जाते. जेथे वही सचिवबाईंच्या घरी राहते आणि बैठक फक्त सहीपुरती होते, तेथे मात्र गट मोडावयास वेळ लागत नाही.

पैसा मिळविणे व उसना घेणे ही या शिक्षणाची एक बाजू झाली. तो खर्च करताना नाडले न जाणे ही दुसरी. या दुसऱ्या बाजूची परंपरा सहकाराच्या उगमापाशीच सापडते. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या अठ्ठावीस कारागिरांनी १८४४ च्या डिसेंबरात टोड लेनमध्ये जे भांडार उघडले, त्यात पीठ, लोणी, साखर अशा मोजक्याच जिनसा होत्या, पण त्या भेसळमुक्त व पुऱ्या मापाच्या. आणि पुढे नफ्याचा अडीच टक्के हिस्सा सभासदांच्या शिक्षणासाठी राखण्याचा प्रघातही त्यांनी पाडला. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापून भेसळीविरुद्ध कार्य आरंभिले. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून, एकत्र मागणी नोंदवून, आलेला माल आपसांत वाटून घेण्याची जी पद्धत तिने घालून दिली, ती मला कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा मोलाची वाटते. कारण महिन्याची यादी करताना घरात खरोखर काय लागते हे कळते, आणि माल वाटताना वजन, भाव व प्रत या तिन्हींची चर्चा दहा घरांच्या साक्षीने होते.

भेसळीचे प्रात्यक्षिक हा या शिक्षणाचा सर्वांत सुलभ भाग आहे. काळी मिरी म्हणून पपईच्या वाळलेल्या बिया मिसळल्या असतील तर पाण्याच्या पेल्यात टाकताच मिरीचे भरीव दाणे तळाशी बसतात आणि बिया तरंगतात. तिखटात विटेची भुकटी असली तर ती पाण्याच्या तळाशी जमून चिमटीत खरखरते. एवढा प्रयोग शाळेतील मुलेही करू शकतात आणि घरी जाऊन आईला करून दाखवितात. परंतु भेसळ सापडल्यावर पुढे काय करावयाचे, हे शिकविल्याशिवाय प्रात्यक्षिक म्हणजे करमणूकच ठरते, आणि ते ‘पुढे काय’ मिरीच्या पेल्यात नसून दुकानदाराने दिलेल्या, किंवा न दिलेल्या, बिलात असते. ‘पक्के बिल घेतले तर कर पडेल, कच्च्या चिठ्ठीवर घ्या, तेवढेच वाचतील,’ असे मिठ्ठास बोलून दुकानदार जो पुरावा ग्राहकाच्या हातून काढून घेतो, त्याची किंमत पंखा महिन्याभरात जळाल्यावर कळते. ग्राहक संरक्षणाचा कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी झाला, आणि ग्राहकशिक्षण हा स्वतंत्र हक्क म्हणून त्यात गणला गेला. २०१९ च्या नव्या कायद्यानेही तो कायम राखला. जिल्हा आयोगाकडे तक्रार नेण्यास वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या वस्तू वा सेवेबद्दल फी पडत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे दूरध्वनीनेही दाद मागता येते. यातील प्रत्येक गोष्टीला तारीख, रक्कम आणि सहीशिक्का असलेला कागद लागतो.

ठेवीच्या बाबतीत तर कागद वाचण्याची निकड महाराष्ट्रात विशेष आहे, कारण आपल्याकडे सहकारी बँका आणि पतसंस्था दोन्ही उदंड आहेत, दोहोंच्या पाट्यांवर ‘सहकारी’ हा शब्द आहे, दोहोंची कार्यालये एकाच पेठेत आहेत, आणि संचालकही पुष्कळदा त्याच घराण्यांतील असतात. सामान्य ठेवीदार दोहोंत भेद करीत नाही. पण भेद मोठा आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक कोसळल्यानंतर देशात ठेवींच्या विम्याची निकड भासली, आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांच्या मर्यादेने तो सुरू झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख रुपये आहे. हे संरक्षण व्यापारी बँकांना आहे, सहकारी बँकांना आहे. पतसंस्थांना या विम्याचे छत्र नाही. शिवाय पाच लाखांत मुद्दल व व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून ठेवले तरी ते एकत्रच मोजले जातात. पतसंस्था वाईट, असा याचा अर्थ कोणी करू नये. जेथे बँक पोहोचली नाही तेथे अनेक पतसंस्थांनी हातगाडीवाल्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांना आधार दिला आहे. परंतु निवृत्तीचा सारा पैसा अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी एकाच ठिकाणी लावणाऱ्या गुरुजींना हा फरक ठेव ठेवण्याच्या आदल्या दिवशी कळला पाहिजे, संस्थेच्या दाराला कुलूप लागल्यानंतर कळून उपयोग नाही.

पासबुक वाचण्याचा आणखी एक लाभ सांगितल्यावाचून राहवत नाही. मे महिन्याच्या अखेरीस पुष्कळांच्या खात्यातून ४३६ रुपयांची व २० रुपयांची अशा दोन लहान रकमा वजा झालेल्या दिसतात. पहिली पंतप्रधान जीवनज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. दोहोंत प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण, पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास, दुसऱ्यात अपघाताने. खाते उघडताना कोठेतरी सही झालेली असते, आणि घरातील कर्ता पुरुष ती विसरून गेलेला असतो. तो गेल्यावर त्याच्या पत्नीला त्या दोन ओळींचा अर्थ कोणी सांगितला नाही, तर दोन लाखांचा हक्क पासबुकाच्या पानावर निमूटपणे पडून राहतो. वस्तीत कोणाचे निधन झाले की दहाव्या-बाराव्यानंतर घरी जाऊन, “वहिनी, दादांचं पासबुक जरा पाहू का,” असे हळुवारपणे विचारणारी एक तरी शिकलेली व्यक्ती असावी.

मोबाइलवरील फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, कारण तीत शिकविण्याजोगे सूत्र थोडक्यात संपते. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. आणि पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

या सर्व खटाटोपावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो. ज्याच्या हाती महिन्याची विसावी तारीख गाठण्याइतकाही पैसा नाही त्याला काटकसरीचे धडे देणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. म्हणून मी या शिक्षणात चहा सोडा, पान सोडा अशा उपदेशाला जागा देत नाही. व्याजाच्या दराचा कायदा, ठेवीचा विमा, मजुरीचा दर ही कामे शासनाची व संघटनांची आहेत आणि ती त्यांनीच केली पाहिजेत. शिक्षणाने एवढेच करावयाचे की, जे मिळाले आहे ते कोणी हिरावून नेऊ नये, आणि जे मिळाले नाही ते नेमके किती आहे हे मागणाऱ्याला आकड्यात सांगता यावे.

बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी पावसाळा सरता सरता पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जी ऊसतोडीची कुटुंबे निघतात, त्यांच्या बाबतीत हे सर्व एकाच वहीत एकवटलेले आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. त्या कोयत्याला मुकादम आगाऊ उचल देतो, आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडावयाची असते. उचल किती, टनामागे दर काय, खाडा झाल्यास किती कापणार, आणि हंगामाच्या अखेरीस कोणाचे कोणाकडे किती निघाले, हे मुकादमाच्या वहीत असते आणि कोयत्याजवळ बहुधा काहीच नसते. येथे शिक्षणाचे वर्ग हिवाळ्यात, सर्व गाव फडावर गेल्यानंतर, भरवून काय साधणार? ते श्रावण-भाद्रपदात, मुकादम उचल घेऊन दारी येण्यापूर्वी, गावातच भरले पाहिजेत. प्रत्येक जोडीला एक साधी वही द्यावी. पहिल्या पानावर उचलीची रक्कम, तारीख, ठरलेला दर व मुकादमाची सही असावी, पुढच्या प्रत्येक पानावर दिवसाचे टन आणि खेपेच्या पावतीचा क्रमांक. वही बाईच्या हाती असावी, कारण कोयत्याच्या कमाईत अर्धे श्रम तिचे असतात आणि हिशेबाच्या दिवशी तिला क्वचितच बोलाविले जाते. घरात शिकणारे मूल असेल तर ते आजीजवळ गावी राहिलेले असते. मग पंधरवड्याला फोनवरून आईने टन सांगावेत आणि मुलाने दुसऱ्या वहीत उतरून घ्यावेत. हंगाम संपल्यावर मुकादमाची वही आणि या दोन वह्या समोरासमोर ठेवून ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर रुजवात घालावी, आणि बाकी निघेल तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या, तारखेसह, त्याच दिवशी घ्याव्यात.